कोरसची नोकरी घेतली, तर सोप्रानो म्हणून मी हरले का?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका 28 वर्षांची सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच पट्टीचा स्त्री-आवाज असलेली गायिका, असून मूळची वसईची आहे. चर्चच्या गायकवृंदात गाता गाता तिला पाश्चात्त्य शास्त्रीय गायनाची ओढ लागली, मुंबईत काही वर्षे शिक्षण झाले आणि पुढे शैक्षणिक कर्ज काढून ती जर्मनीला गेली. तेथील एका संगीत महाविद्यालयातून तिने नुकतीच पदव्युत्तर पदवी घेतली आहे. गेल्या वर्षभरात तिने एकल भूमिकांसाठी 11 ऑडिशन दिल्या. दोन ठिकाणी ती दुसऱ्या फेरीपर्यंत पोहोचली, पण काम मिळाले नाही. आता एका मध्यम शहरातील ऑपेरागृहाने तिला कोरसमध्ये, म्हणजे ऑपेरातल्या समूहगायकांत, पूर्ण वेळ नोकरी देऊ केली आहे आणि तीन आठवड्यांत उत्तर द्यायचे आहे. तिचे गुरू म्हणतात, आवाज अजून वाढतो आहे, थांब. आई म्हणते, नोकरी घे, नाहीतर घरी ये, म्हणजे लग्नाचे बघता येईल. ती लिहिते, "पंचविसाव्या वर्षी मारिया कॅलस एकाच महिन्यात ब्रुनहिल्ड आणि एल्विरा गात होती. मी अठ्ठाविसाव्या वर्षी चाळीस जणांत मिसळून उभी राहायचे का? हे स्वीकारले म्हणजे मी सोप्रानो म्हणून हरले, असेच ना?"

प्रिय मैत्रिणी,

तुम्ही विख्यात सोप्रानो मारिया कॅलसचे उदाहरण दिले आहे, म्हणून मी तेथूनच सुरुवात करते. तुम्ही लिहिलेली घटना खरी आहे. जानेवारी 1949 मध्ये व्हेनिसच्या ला फेनिचे ऑपेरागृहात कॅलस वाग्नरच्या 'दी वालक्यूरे'मध्ये ब्रुनहिल्ड ही अत्यंत भारी भूमिका गात होत्या. त्याच वेळी बेल्लिनीच्या 'इ प्युरितानी'मध्ये नायिका एल्विराची भूमिका करणाऱ्या मार्गेरिता कारोझिओ आजारी पडल्या आणि कंडक्टर तुल्लिओ सेराफिन यांनी ती चपळ ताना-हरकतींची भूमिका कॅलस यांच्यावर सोपवली. आठवडाभरात त्यांनी ती बसवली आणि गायली. तेव्हा त्या 25 वर्षांच्या होत्या. पण ही कथा तुम्ही अर्ध्यावर थांबवली आहे. याच कॅलस रंगमंचावर शेवटचा संपूर्ण ऑपेरा गायल्या तो 5 जुलै 1965 रोजी, लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहात, आणि तेव्हा त्यांचे वय अवघे 41 होते. आवाज इतक्या लवकर का उतरला, याबद्दल जाणकारांत आजही एकमत नाही. कोणी झपाट्याने घटवलेल्या वजनाला, कोणी आजाराला, तर कोणी तरुणपणी पेललेल्या भाराला दोष देतात. तो वाद मी सोडवू शकत नाही. मात्र ज्या महिन्याचा तुम्हाला हेवा वाटतो, तो महिना एखाद्या वेळापत्रकासारखा डोळ्यांसमोर ठेवावा, असे मला मुळीच वाटत नाही.

त्याच मंचावरची आणखी एक संध्याकाळ तुम्हाला सांगते. 8 नोव्हेंबर 1952 रोजी कॉव्हेंट गार्डनमध्ये कॅलस 'नॉर्मा' गायल्या. त्या प्रयोगात नॉर्माची सखी क्लोटिल्डे ही लहानशी भूमिका एका उंचनिंच ऑस्ट्रेलियन तरुणीकडे होती. तिचे नाव जोन सदरलँड. त्याच वर्षी ती त्या संस्थेत रुजू झाली होती, मिळेल ती भूमिका करत होती आणि आपला आवाज वाग्नरच्या नायिकांचा आहे, अशी तिची समजूत होती. रिचर्ड बॉनिंग यांनी, जे पुढे तिचे पती झाले, तिला हळूहळू पटवले की हा गळा मोठा असला तरी त्याचा खरा स्वभाव चपळाईचा आहे. 17 फेब्रुवारी 1959 रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ती 'लुचिया दि लामेरमूर' या ऑपेरात नायिका म्हणून उभी राहिली आणि जग तिला ओळखू लागले. सदरलँड निवृत्त झाल्या 1990 मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी. त्या कोरसमध्ये नव्हत्या, छोट्या-मोठ्या एकल भूमिकांत होत्या, आणि हा फरक महत्त्वाचा आहे, याची मला जाणीव आहे. त्याकडे मी पुढे येईनच. तूर्त एवढेच लक्षात घ्या की जवळपास सात वर्षे प्रसिद्धीच्या झोताबाहेर राहण्याने त्यांच्या आवाजाचे नुकसान झाले नाही आणि त्या काळात तो आवाज नेमका कोणत्या जातीचा आहे, हे त्यांना कळले.

तुमच्या पत्रात मला हीच गोष्ट सापडली नाही. तुम्हाला काय व्हायचे आहे, ते तुम्ही तीन पाने लिहिले आहे. तुमचा गळा आज काय आहे, याबद्दल मात्र एकच ओळ आहे, तीही गुरूंची. आपल्याकडच्या गायिकेला या बाबतीत मोठी मोकळीक असते. काळी चार असो की काळी पाच, आपल्या गळ्याला मानवेल तो षड्ज ती ठरवते आणि राग तिच्या पट्टीत येऊन बसतो. ऑपेरात संगीतकाराने शंभर-दोनशे वर्षांपूर्वी लिहिलेला स्वर सहसा हलत नाही. भूमिका जागची हलत नाही, म्हणून गळ्यालाच तिच्यासाठी योग्य वेळी योग्य ठिकाणी पोहोचावे लागते. जर्मन रंगभूमीवर 'फाख' नावाची जी वर्गवारी चालते, हलक्या खेळकर सुब्रेटपासून लिरिक सोप्रानोपर्यंत आणि तेथून भारी नाट्यमय सोप्रानोपर्यंत, ती याच गरजेतून आली आहे. मोत्सार्टच्या 1786 च्या 'फिगारोचे लग्न' या एकाच ऑपेरात माळ्याची मुलगी बार्बारिना, दासी सुझान्ना आणि काउंटेस अशा तीन सोप्रानो आहेत, आणि एखादी गायिका आयुष्यात क्रमाने या तिन्ही भूमिकांतून जाऊ शकते. रिचर्ड श्ट्राउसच्या 1911 च्या 'डेर रोझेनकावालिअर'मध्ये लोटे लेहमान यांनी आधी सोफी, मग ऑक्टाव्हियन आणि शेवटी मार्शालिन अशा तिन्ही भूमिका केल्या. आरशासमोर बसून सरत्या वयाचा विचार करणारी ती मार्शालिनच रसिकांच्या मनात त्यांचे नाव घेताच उभी राहते. तेथे पोहोचायला लागलेली वर्षे वाया गेली, असे कोणी म्हणत नाही.

आता एक अवघड गोष्ट बोलते. तुम्ही प्रत्येक ऑडिशनला पुच्चिनीच्या 'तोस्का' या ऑपेरातील 'विस्सी दार्ते' हे नायिकेचे गाणे गाता, कारण त्याने परीक्षक थांबून ऐकतात, असे तुम्ही लिहिले आहे. ते ऐकत असतील, पण ऐकताना मनाशी काय प्रश्न विचारत असतील, याचा विचार करा. ते गाणे साधारण तीन मिनिटांचे आहे; भूमिका तीन अंकांची आहे, समोर पुच्चिनीचा भरगच्च ऑर्केस्ट्रा आहे आणि मायक्रोफोन नाही. ऑर्केस्ट्राच्या ध्वनीचा जोर साधारण 500 हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असतो आणि वर जावे तसा तो ओसरतो. तयार गळ्यात विशेषतः पुरुषांच्या आणि खालच्या पट्टीतल्या स्त्रियांच्या आवाजात 3000 हर्ट्झच्या जवळ एक झळाळी येते आणि तिच्या बळावर आवाज वाद्यांच्या भिंतीतून पार जातो, हे स्वीडिश संशोधक योहान सुंडबर्ग यांनी दाखवून दिले आहे. सोप्रानो वरच्या स्वरांवर जाते तेव्हा वेगळीच युक्ती लागते: जबडा आणि तोंडाची पोकळी अशी उघडायची की मुखातला अनुनाद मूळ स्वराशी जुळेल, म्हणून तर वरच्या स्वरांवर शब्दांतले स्वरवर्ण एकमेकांसारखे ऐकू येतात. ही सगळी आवाजाची फेक आहे, जोर नव्हे. गळा तयार होण्याआधी मोठी भूमिका अंगावर घेतली की फेकीची जागा जोर घेतो, आणि अकरा ऑडिशनमध्ये परीक्षकांना बहुधा तोच ऐकू आला असावा. हा माझा तर्क आहे, तो चुकीचा असू शकतो. पण दुसऱ्या फेरीत तुम्हाला मोत्सार्ट गायला सांगितले होते, असे तुम्हीच लिहिले आहे, आणि त्या सूचनेचा अर्थ मला स्पष्ट दिसतो: तुमच्या गळ्याला आज हलक्या भूमिका मानवतील.

तुमची घालमेल मला खोटी वाटत नाही, कारण तिच्यामागे या व्यवसायातली एक खरी विसंगती आहे. तरुण गायकांसाठीचे ऑपेरा स्टुडिओ (म्हणजे ऑपेरागृहांचे प्रशिक्षण कार्यक्रम) आणि स्पर्धा यांची वयोमर्यादा बहुधा तिशीच्या आसपास असते. ऑपेरालिया या मोठ्या स्पर्धेत ती 32 आहे. वाढणारा, भरदार होत जाणारा सोप्रानो आवाज मात्र अनेकदा पस्तिशीच्या आसपासच आपले खरे रूप धरतो. म्हणजे दार बंद होते त्या वेळी गळा उघडत असतो. नॉर्वेच्या सोप्रानो कर्स्टन फ्लाग्स्टाट यांनी 1913 मध्ये पदार्पण केले आणि त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे त्या स्कँडिनेव्हियातच ऑपेरेटा आणि हलक्याफुलक्या भूमिका गात राहिल्या. 1932 मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, त्या पहिल्यांदा वाग्नरची इझोल्डे ही भारी भूमिका गायल्या. 2 फेब्रुवारी 1935 रोजी त्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात वाग्नरच्याच झिगलिंडेच्या भूमिकेत उभ्या राहिल्या, तेव्हा त्या 39 वर्षांच्या होत्या आणि त्याआधी निवृत्तीचा विचारही करत होत्या. हे उदाहरण मी दिलासा म्हणून देत नाही, कारण फ्लाग्स्टाट शतकात एखादीच होते. मला त्यातली फक्त एक गोष्ट तुमच्यासाठी उचलायची आहे: त्या मधल्या वर्षांत त्यांना रोज गायला रंगमंच होता आणि महिन्याचा खर्च भागत होता.

म्हणून आता कोरसकडे वळू. 'घोळका' हा शब्द तुम्ही वापरला आहे. तो या कामावर अन्याय करणारा आहे. जर्मनीत सार्वजनिक अनुदानावर चालणारी 80 च्या आसपास ऑपेरागृहे आहेत आणि त्यांच्या कोरसमध्ये जागा मिळवण्यासाठी शिक्षित, पदवीधर गायक रांगेत असतात. एका हंगामात अनेक ऑपेरा, तीन-चार भाषा, सगळे पाठ आणि तेही अभिनयासह, असा तो रियाज असतो. लहान एकल भूमिका बऱ्याचदा कोरसमधल्याच गायकांना देतात आणि त्याचे वेगळे मानधन मिळते. तोट्याची बाजूही मी लपवणार नाही. सकाळी तालीम, दुपारी मोकळीक, संध्याकाळी पुन्हा तालीम किंवा प्रयोग, अशी दिवसाची दोन तुकड्यांत वाटणी झाल्यामुळे स्वतःच्या गळ्यासाठी वेळ काढणे कठीण जाते. इतरांच्या आवाजात आवाज मिळवताना सोप्रानोला आपला स्वाभाविक कंप आणि तेज आवरावे लागते, आणि तेच वर्षानुवर्षे केले तर एकल गायनाची सवय मोडते. कोरसमधून एकल भूमिकांकडे गेलेले गायक आहेत, पण ते मोजके आहेत. सदरलँडच्या बाबतीत मी जो फरक म्हटला, तो हाच. गुरूंना धास्ती वाटते, ती अकारण नाही.

पण दुसऱ्या पारड्यात तुम्ही जे ठेवले आहे, तेही नीट पाहा. जर्मन ऑपेरागृहात एकल गायिकेला मिळणारा कायम नेमणुकीचा करार नावापुरताच कायम असतो. पुढचा हंगाम नको असेल, तर संस्था आधीच्या 31 ऑक्टोबरपर्यंत तसे कळवू शकते, आणि नवा संचालक आला की एका झटक्यात अनेकांना तशी पत्रे जातात. एकाच गृहात 15 वर्षे पूर्ण झाली की असे काढता येत नाही. त्यामुळे तो टप्पा जवळ आला की चांगल्या चांगल्या गायिकांना निरोप मिळतो, आणि तेव्हा त्या चाळिशीत असतात. मुक्त गायिकेची स्थिती आणखी नाजूक असते. अनेक ठिकाणी पैसे प्रयोगामागे मिळतात, चार-सहा आठवड्यांच्या तालमीचे नाही. प्रयोगाच्या दिवशी घसा बसला तर मानधन गेले, आणि जे मिळते त्यातून एजंटचा वाटा, प्रवास आणि परगावचे भाडे जाते. एकल गायिका म्हणजे विजय आणि कोरस म्हणजे पराभव, ही मांडणी प्रेक्षागृहातल्या खुर्चीवरून केलेली आहे. रंगमंचामागे गेल्यावर ती तशी दिसत नाही.

तुमच्यासमोर चार वाटा आहेत. नोकरी नाकारून वर्षभर ऑडिशन देत राहायचे, ही पहिली. पदवीनंतर काम शोधण्यासाठी तुम्हाला जर्मनीत 18 महिन्यांचा वास्तव्य परवाना मिळतो आणि त्या काळात कोणतेही काम करता येते, त्यामुळे ही वाट बंद नाही. पण कर्जाचे हप्ते सुरू होणार आहेत, आणि उपाहारगृहात रात्रपाळी करून सकाळी 'विस्सी दार्ते' गाणारा गळा मला सुरक्षित वाटत नाही. ऑपेरा स्टुडिओची वाट तुमच्यासाठी आणखी दीड-दोन वर्षेच खुली आहे. ती शेवटपर्यंत ठोठावली पाहिजे. घरी परतण्याच्या वाटेबद्दल मी थोड्या वेळाने लिहिते. आणि चौथी, कोरसची.

माझे मत विचारले आहे, तर ते स्पष्ट देते. मी तुमच्या जागी असते, तर ही नोकरी दोन हंगामांसाठी घेतली असती. आईच्या कारणासाठी नव्हे. तुमचा आवाज खरोखर वाढत असेल, तर त्याला वाढायला घर लागेल, आणि आज दुसरे कोणी घर देऊ करत नाही, म्हणून. मात्र होकार देण्याआधी त्या ऑपेरागृहाला काही प्रश्न नम्रपणे आणि लेखी विचारा: पहिला करार किती हंगामांचा आहे, ऑडिशन किंवा बाहेरच्या एकल कार्यक्रमांसाठी रजा मिळते का, कोरसमधल्या गायकांना लहान भूमिका देण्याची तेथे पद्धत आहे का आणि गेल्या दोन वर्षांत कोणाला मिळाल्या. रजेविषयी ठाम नकार आला, तर मी माझे मत बदलीन. रजा नसेल, तर स्टुडिओच्या ऑडिशन देता येणार नाहीत आणि मग ती दोन वर्षे खरोखरच दुसऱ्या कोणाची होतील. नोकरीच्या आधारावर वास्तव्य परवाना बदलावा लागेल. त्याचे नियम होकार देण्यापूर्वीच परदेशी नागरिक कार्यालयात विचारून घ्या.

गुरूंशीही एक बोलणे राहिले आहे. "थांब" हा सल्ला देणाऱ्याला थांबण्याचा खर्च सोसावा लागत नसतो. त्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. तरीही त्यांना विचारा की आवाज कोणत्या दिशेने वाढतो आहे, आज मी कोणत्या पाच भूमिका थकवा न येता संपूर्ण गाऊ शकते आणि तीन वर्षांनी त्या यादीत काय बदलेल. उत्तर ठोस असेल, तर त्या उत्तराच्या आधारे तुमचा गाण्यांचा संच नव्याने बांधा. माझ्या अंदाजाने त्यात 'तोस्का'ची जागा मोत्सार्टची सुझान्ना किंवा पामिना घेईल. उत्तर गोलमोल असेल, तर ज्यांना तुमच्या शिकवणीचे शुल्क मिळत नाही, अशा दोन-तीन जाणकारांकडून, शक्यतो एखाद्या ऑपेरागृहात भूमिका बसवून घेणाऱ्या पियानोवादकाकडून, वर्गाच्या खोलीऐवजी मोठ्या सभागृहात ऐकून मत घ्या. नोकरी लागल्यावरही महिन्यातून दोनदा एकल गायनाचा धडा सोडू नका. तालमीत सगळ्या वेळी पूर्ण आवाजात गाण्याची गरज नसते, हे कोरसमधल्या ज्येष्ठ स्त्रियांकडून शिका. वर्षातून एकदा स्वरतंतूंची तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या, आवाज धड असताना, म्हणजे पुढे काही बिघडले तर तुलनेला आधार असेल.

परत येण्याबद्दल. मुंबईत जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ यांनी लंडनच्या गिल्डहॉल या संगीत महाविद्यालयात शिक्षण घेतले, इंग्लंडमध्ये सोप्रानो म्हणून नाव कमावले, संगीतकार जॉन टॅव्हनर यांनी त्यांच्या आवाजासाठी अनेक रचना लिहिल्या, आणि पुढे त्यांनी भारतातल्या तरुण गायकांना शिकवण्याचे काम उभे केले. 1993 मध्ये बंद पडलेले मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस ऑक्टोबर 2016 मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा तेथे त्याच गायल्या. मुंबईत आणि गोव्यात आज शिकवणाऱ्यांची, गायकवृंद बांधणाऱ्यांची खरी गरज आहे आणि ते काम मोलाचे आहे. पण पूर्ण वेळ ऑपेरा गाऊन पोट भरेल, अशी संस्था आपल्याकडे अजून नाही, आणि वर्षभर रंगमंचावर काम करून आलेली शिक्षिका नुसत्या पदवीने आलेल्या शिक्षिकेपेक्षा विद्यार्थ्यांना अधिक देऊ शकते. आज थकून परत आलात, तर ते परतणे तुम्हाला आवडणार नाही, असे तुमच्या पत्रावरून मला वाटते. चार वर्षांनी शिकवण्यासाठी आलात, तर कदाचित आवडेल.

तुमच्यासारखीच पत्रे मला वसई, वांद्रे आणि मडगावहूनही येतात; ती लिहिणाऱ्या मुली अजून इथेच आहेत, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. परदेशी अर्ज करण्याआधी स्वरलिपी पाहून पियानोच्या साथीने गाता येईल एवढी तयारी करा आणि जर्मन भाषेची बी2 पातळी, म्हणजे स्वतंत्रपणे बोलता-समजता येईल अशी, गाठायचा प्रयत्न करा. तालमीतली सूचना समजली नाही, तर आवाज कितीही सुरेल असला तरी उपयोग होत नाही. ज्या प्राध्यापकांकडे शिकायचे आहे, त्यांच्याकडे अर्जापूर्वी एक धडा घ्या आणि त्यांच्या विद्यार्थिनी पाच वर्षांनी कोठे आहेत, ते बघा. विसाव्या-बाविसाव्या वर्षी मोठ्या भूमिकांची गाणी कार्यक्रमात गाण्याचा आग्रह झाला, तर नकार देण्याचे धैर्य ठेवा. पालकांनी कर्जाची रक्कम ठरवताना शिक्षणाच्या दोन वर्षांबरोबर त्यानंतरच्या एका कोऱ्या वर्षाचाही हिशेब धरावा, कारण ते वर्ष जवळपास प्रत्येकीच्या वाट्याला येते.

शेवटी तुमच्या आईविषयी. त्यांनी तुम्हाला चर्चमध्ये गाताना ऐकले आहे, ऑपेरागृहात कधीच नाही. त्यामुळे "नोकरी घे, नाहीतर ये" या वाक्यामागे जे काम त्यांनी पाहिलेच नाही, त्याची भीती असणे साहजिक आहे. होकार दिलात, तर पहिल्या हंगामाचे वेळापत्रक हाती येताच त्यात व्हेर्दींचा 'नबुको' आहे का, ते बघा. त्या ऑपेरात कोरसला मिळणारी जागा नायिकेला हेवा वाटावा अशी आहे. असेल, तर आईला त्या दिवसांत बोलवा आणि निघण्यापूर्वी कथानक मराठीत लिहून पाठवा. तिसऱ्या अंकात नदीकाठी बसलेले बंदिवान गाऊ लागतील, तेव्हा तुम्ही कोणत्या बाजूला असाल, तेही त्यात लिहा, म्हणजे त्यांना तुम्हाला शोधत बसावे लागणार नाही.